मार्फत

कोणाला, काय, केव्हा, कशाने.
चार रकाने, पट्टीने आखलेले.
तलावाचा गाळ काढायचा, फुटकं तुडुम बदलायचं,
काम एकवीस दिवसांचं.
साहेब म्हणाले, काम मशीन करते,
भांडणं माणसं करतात,
आधी निरोपांचं नियोजन करून आणा.

आणलं.
सरपंचाला पत्र, पोचपावतीसह.
ग्रामसेवकाला व्हॉट्सॲप.
धानवाल्यांना सभेत, चहासकट.
तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायांना
पहाटे चारच्या आत, हातपंपाजवळ.
पाळीपलीकडच्या टोल्यावर रेंज मिळते
ती फक्त मोहाच्या दुसऱ्या फांदीवर,
म्हणून तिथे दवंडी.
जेसीबीच्या इरफानला फोन,
आदल्या रात्री एकदा, उजाडता एकदा.
ढिवर संस्थेला: अध्यक्षांमार्फत.

हा शेवटचा शब्द लिहिताना
पेन जराही अडखळलं नाही.

बुधवारी संध्याकाळी कोतवाल धनपालने
तेलाचा रिकामा पिपा बडवला.
शुक्रवारी तुडुम खुलणार होsss
पाणी सुटणार होsss
मागे दोन पोरं, एक कुत्रं,
आणि मी, वहीत बरोबरची खूण करत.

गुरुवारी दुपारी मशीनचा पंप
साकोलीच्या अलीकडे रस्त्यातच बसला.
सामान नागपूरहून येणार. तारीख: पुढचा मंगळवार.
मी सगळ्यांना कळवलं.
सगळ्यांना म्हणजे तक्त्यातल्या सगळ्यांना.
निळ्या खुणा मोजत बसले.
अध्यक्षांच्या नावापुढे एकच खूण, राखाडी;
त्यांचा फोन बसस्टँडवरच्या दुकानात
उघडा पडला होता, पोटातले स्क्रू बशीत.
धनपाल बहिणीच्या सासऱ्याच्या तेरवीला.
रात्र झाली होती.
मी म्हटलं, सकाळी सांगू.

सकाळी पाळीवर टोपल्याच टोपल्या.
पाणी जाणारच, तर मासे कशाला जाऊ द्यायचे?
रात्रभर जाळी ओढली होती त्यांनी.
तळहाताएवढे रोहू, त्याहून लहान कतला,
ज्यांना अजून दोन महिने वाढायचं होतं.
व्यापारी काटा घेऊन उभा,
त्याला बरोबर कळलं होतं,
कोणी कळवलं माहीत नाही,
माझ्या तक्त्यात तो नव्हता.
भाव निम्मा.

सायत्राबाई नान्हेचं लुगडं कमरेपर्यंत ओलं,
हाताला खवल्यांची चांदी.
ती ओरडली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली,
"तारीख तुमची होती मॅडम,
मासे त आमचेच होते ना."
मग म्हणाली, "दाखवा तो कागद.
यात आमी कोठी आहोन?"

मी बोट ठेवलं.
तिने बोटाखालचं निरखून पाहिलं.
वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं.
"मार्फत," ती म्हणाली.
"हा मार्फत कोन होय?
कोन्या गावचा?"

साहेबांना अहवाल पाठवला.
त्यात 'संवादातील त्रुटी' असं लिहिलं,
मग खोडलं, मग पुन्हा तेच लिहिलं,
कारण दुसरा शब्द साहेबांच्या फॉर्ममध्ये नव्हता.
वहीत मात्र पाचवा रकाना आखला,
पट्टी नव्हती, वाकडाच गेला:
ऐकलं, असं कोण म्हणालं.

सोमवारी संध्याकाळी टोल्यावर स्वतः फिरले.
एकोणीस घरं. वाकड्या रकान्यात एकोणीस नावं,
अध्यक्षांचं त्यात सातवं.
शेवटच्या घरी पतिराम म्हातारा
फाटकं जाळं मांडीवर घेऊन विणत होता.
आता कशासाठी, ते मी विचारलं नाही.

"अखीन बदलली का तारीख?"
नाही बाबा. उद्याच आहे.
"नाही बदलली?"
नाही.
"मंग हेच सांगाले आल्या एवढ्या दूर?"
हो.

त्याने सुई दातात धरली,
बाजेवरचं जाळं थोडं सरकवलं.
"बसा," म्हणाला.