ना धड लोखंड, ना धड लाकूड

या किनाऱ्यावरचं गवत मी राखतो, सव्वीस वर्षं.
कुठलं कापायचं, कुठलं वाढू द्यायचं, हे माझ्या हातात.
म्हणून मला विचाराल तर सांगेन,
हायब्रिड कधी काढायची हे गवताला ठाऊक असतं,
माणसाला नंतर कळतं.

मर्डो गेडिसला तर फारच नंतर.

बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस.
उजवा खांदा दोनदा उघडून शिवलेला.
तरी पिशवीत वडिलांच्या काळची तीन नंबरची आयर्न,
सुरीच्या पात्यासारखी पातळ
आणि तितकीच निर्दय.
चेंडू बरोब्बर मधोमध लागला तर स्वर्ग,
केसभर चुकला तर
कोपरापर्यंत झिणझिण्या, आणि चेंडू
सशासारखा पळत ओढ्यात.

तरुणपणी लागायचा मधोमध.
तरुणपणी काय, सगळंच लागतं मधोमध.

वाढदिवसाला एफीने हायब्रिड आणली.
टपोरी, रुंद तळाची, मागे पोक काढून बसलेली,
डोक्यावर एफीनेच विणलेली पिवळी टोपी.
मर्डो म्हणाला, "हे काय? घोडा की गाढव?"
"खेचर," एफी म्हणाली,
"घोडे घसरतात त्या चढावर तेच लागतं."
"ना धड लोखंड, ना धड लाकूड."
"तूही आता ना धड म्हातारा, ना धड तरुण.
जमेल तुमचं."

महिनाभर टोपी निघाली नाही.

मग जूनमधली ती संध्याकाळ.
दहा वाजले तरी उजेड जाता जात नव्हता.
अकराव्या होलवर, मी मुद्दाम न कापलेल्या पट्ट्यात
त्याचा चेंडू बसला, घरट्यात अंडं बसावं तसा.
ग्रीन एकशे सत्तर यार्डांवर, मध्ये ओढा.
अशा गवतात आयर्न शिरली
की गवत तिच्या मानेला मिठी मारतं
आणि तोंड भलतीकडे फिरवतं.
वूड घ्यावं तर दांडा लांब, डोकं अवजड,
ते आधीच अडखळतं.

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
ट्रॅक्टरमागे मी त्याला दिसलो नाही.
अडला हरी.
पिवळी टोपी खिशात गेली.

झाडू मारल्यासारखं करू नकोस, मी मनात म्हणत होतो,
केर काढायचा नाहीये.
आयर्नसारखाच खाली ये, आधी चेंडूवर, मग मातीवर,
उचलायचं काम तिच्या जड बुडाला करू दे.
त्याला ऐकू गेलं असावं,
किंवा खांद्यानेच सांगितलं असावं.

आवाज आला, दार हलकेच लोटल्यासारखा.
गवत दुभंगलं, मिटलं.
चेंडू वर गेला, वरच राहिला थोडा,
आणि पाहुणा चपला काढून आत यावा
तसा ग्रीनवर उतरला.

मर्डो काही बोलला नाही.
बराच वेळ हायब्रिडचं बूड पुसत राहिला.

पुढे ती निघतच राहिली.
चौदाव्यानंतर, खांदा कुरकुरायला लागला की.
बुटक्या काठाच्या वाळूतून.
एकदा तर ग्रीनच्या कडेवरून, पटरसारखी धरून,
नुसतं ढकलायला.
आणि ती आयर्न?
एफीच्या परसात, वाटाण्याच्या वेलाला आधार.

इथे संपलं असतं,
पण इथे वारा आहे.
ईशान्येकडून समुद्रावरून तो सुटला
की उंच गेलेला चेंडू त्याच्या तावडीत सापडतो,
पतंगासारखा मागे येतो.
त्या दिवशी उंची हा गुण नसतो,
त्या दिवशी जमिनीलगत, मान खाली घालून जाणारं काही हवं.

तशाच एका सकाळी गेडिसांच्या कुंपणावरून डोकावलो,
तर वाटाण्याचा वेल मातीत आडवा,
शेंगांसकट.
एफी दारात, हातात सुतळी.
"काठी आहे का रे एखादी तुझ्याकडे?" म्हणाली,
"आमची आज खेळायला गेलीय."