निरंक

सावद्यात, खताच्या दुकानावरच्या क्लासमध्ये
चार कॉम्प्युटर, त्यातला एक रुसलेला.
कुमुदताई वायकोळे पहिल्या दिवशी आल्या
त्या पिशवीत फूटपट्टी घेऊन.
वय चोपन्न. सव्वीस वर्षं केळीच्या वखारीत हिशेब.
"टेबल शिकव," म्हणाल्या. "बाकीचं पाहू."

मी सांगितलं, आधी टेबल उघडायचं,
त्यात टीआर, म्हणजे आडवी ओळ,
ओळीत टीडी, म्हणजे खण.
उघडलं ते मिटायचं. तिरकी रेघ देऊन मिटायचं.
त्या मान हलवत होत्या,
लोणच्याच्या बरणीबद्दल कुणी
त्यांनाच शिकवत असल्यासारख्या.

तरी एक टीडी उघडा राहिला
आणि नवतीचा भाव वापसीच्या खाली गेला,
पिलबाग घरंगळत पार तळाशी.
ताईंनी पट्टी काढली, स्क्रीनला लावली,
एक डोळा मिटून पाहिलं.
"रेघ सरय आहे. मानूस चुकला."

बॉर्डर शिकवली. एक पिक्सेल, काळी.
पॅडिंगला मला उदाहरण सुचेना.
"अरे, घडाघडात वायली पानं घालतो ना आपन,
दिल्लीपोहोत घासू नये म्हून?"
बारा बॅचेस शिकवल्या मी.
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मग कोलॅप्स. शेजारच्या दोन खणांच्या दोन रेघा,
एक शब्द लिहिला की त्यांची एकच होते.
ताई थांबल्या.
"दोन शेजाऱ्यांचा एकच बांध?"
हो.
"अन् कोनी बोंबलत नाही?"
नाही.
अशा हसल्या, की पलीकडच्या पोराची
लिहिता लिहिता ओळच चुकली.
"येवढं सोपं असतं तं मोजनीवाला उपाशी मेला असता."

आठवड्यात त्यांनी अख्खं पान टेबलात बसवलं.
नाव एका खणात, फोन दुसऱ्यात,
घडाचा फोटो तीन खण जोडून,
खणाच्या पोटात टेबल, त्याच्या पोटात अजून एक.
मी म्हटलं, आता असं करत नाहीत, ताई.
टेबल आकड्यांसाठी. मांडणी सीएसएसनं करायची,
रंग-रूप सगळं वेगळ्या फायलीत.
"मंग माझं पडलं का?"
पडलं नव्हतं. पण मोबाइलवर उजवी बाजू
बाहेर लोंबत होती,
ट्रॅक्टरमधून कडबा लोंबतो तशी.
त्यांनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी सगळं उसवून आणलं,
फक्त भावाचं टेबल ठेवलं.

त्यात तीन ओळी मोकळ्या.
गाडी भरली नाही असे तीन दिवस;
तारीखसुद्धा घातली नव्हती.
रिकाम्या ओळी चेपून सुतळीएवढ्या झालेल्या.
मी म्हटलं, एक न दिसणारी जागा असते,
ती टाकली खणात की तो उभा राहतो,
आणि वाचणाऱ्याला काही दिसत नाही.
"म्हंजे काही नाही, पन आहे?"
तसंच.
"आमच्या वखारीत खण मोकया सोडायचा नाही.
मोकया दिसला की मागून कोनी काहीबी लिहितं."
एका बोटानं, अक्षर शोधत शोधत,
पहिल्या ओळीत निरंक.
दुसऱ्या ओळीत निरंक.
तिसऱ्या ओळीला जरा वेळ लागला.
ते दिवस कोणते, मी विचारलं नाही.
ओळी मात्र बाकीच्यांच्या उंचीला आल्या.

मग लाईट गेली. यूपीएस ओरडायला लागला.
"सेव्ह केलं ना?" दोघांनी एकदमच विचारलं.
खाली कुणीतरी शटर ओढत होतं.
ताईंनी पट्टी पिशवीत घातली, चपला चाचपल्या,
जिन्यात थांबून म्हणाल्या,
"उद्या रंगाचं शिकव.
पिवया नको मात्र, सगये पिवयाच घेतात.
कोंभातून निघतं ना नवं पान,
गुंडायलेलं,
त्याच्या आतल्या बाजूचा घेऊ.
त्याले काय नंबर असतो?"