नव्वद फेकी

बेसबॉल मी कधी पाहिलेला नाही.
मैदान चौकोनी की पाचकोनी, विचारू नका.
भाचा परदेशी जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेला,
त्यात हा खेळ तसाच राहिला
आणि एक संघ, अर्धा जायबंदी.

चित्र नाही, चेंडू नाही, नुसते तक्ते.
आणि तक्ते मला कळतात.
बावीस वर्षं आणिक आगारात ड्युट्या लावतेय,
कोण पहाटे चारच्या गाडीवर, कोण स्प्लिटवर,
कोणाच्या कमरेला पट्टा,
कोणाच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी.

माझा पहिल्या नंबरचा पिचर काडेना.
संगणकाने जन्माला घातलेला, वय सत्तावीस,
हात असा की समोरचे बॅट धरून नुसते उभे,
आणि नावापुढे लाल अक्षरांत एक शब्द,
त्याचं मराठी मी केलंय: ठिसूळ.
खांदा एकदा, पोटरी दोनदा,
एकदा तर म्हणे शिंकताना बरगडी.

मी त्याला जपते.
पाच दिवसांतून एकदा, सत्तर फेकी झाल्या की बस.
तो आणखी टाकायला तयार असतो.
तयार तर सगळेच असतात हो.
थकव्याची पट्टी हिरवी, मग पिवळी,
मी भात उतरवून येते, बघते,
नारिंगी व्हायच्या आत काढून घेते.
या पायी आम्ही गेल्या मोसमात नऊ सामने हरलो.
भाचा फोनवर म्हणाला,
मावशी, पिचर आहे तो, मुरांबा नाही.

तांडेलचं तसं नाही.
त्याचा बिल्ला नंबर सांगत नाही, माणूस नोकरीत आहे.
मणक्यातली गादी सरकलेली,
चिठ्ठीवर 'हलके काम',
आणि आगारात हलकं काम एकच:
शेडमधल्या पंख्याकडे बघत बसणं.
मार्चमध्ये एका दिवशी अकरा जण गैरहजर.
माहुल रोडची गाडी उभी, कंट्रोलचा चौथा फोन.
तो खिडकीशी आला. "द्या बाई, जाईन."
मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.
माणसाच्या कपाळावर पट्टी नसते,
हिरवी नाही, पिवळी नाही,
थोडा घाम होता, तो मार्चचाही असेल.
मी दिली.
संध्याकाळी दुसरीही दिली.

त्याच रात्री मोसमाचा शेवटचा सामना.
बाकीचे पिचर संपलेले, काडेना ब्याऐंशीवर.
मी काढला नाही.
नव्वदावी फेक, आणि पडद्यावर एक ओळ:
कोपर. चौदा महिने.

मी खेळ बंद केला,
आधीच्या जागेवरून पुन्हा उघडला.
(हे करायचं नसतं, भाच्याने बजावलं होतं.)
या वेळी एकाहत्तरवर काढला,
तर बाकाकडे चालत येताना त्याची पोटरी गेली.
हसूच आलं मला,
एकटीला, रात्री एक वाजता, प्रतीक्षानगरात,
ताटातलं वरण थिजलेलं.

तांडेलला काही झालं नाही.
साडेअकराला गाडी लावली, सही केली,
चहा घेऊन गेला, असं रात्रीचा रखवालदार म्हणाला.
कण्हला असेल तर घरी.
काही झालं असतं तर मी निदान धडा घेतला असता.
आता पुन्हा अकरा जण येणार नाहीत,
कंट्रोलचा फोन वाजेल,
आणि माझं बोट आपसूक त्याच्या नावाशी जाईल,
मागे जमलं होतं की.

काडेनाचा करार संपला.
खेळातला मालक लिहितो, सोडून द्या.
मी नाही सोडला. पगार चालू, काम नाही.
यंत्रातल्या पैशात माणुसकी परवडते.

उद्याचा तक्ता समोर आहे.
सगळी नावं पेनाने लिहून झाली,
तांडेलच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलंय.
खोडरबर इथेच होतं मघाशी.