रफू

समितीच्या पत्रात एकच ओळ अधोरेखित होती :
इमारत दिसता कामा नये.

टार्टूहून दोन तास गाडी, मग अर्धा तास पायी,
मग जमीन संपते असं नाही,
जमिनीची स्वतःबद्दलची खात्री संपते.
पाऊल टाकलं की दहा हातांवरचं पाइनचं झाड हलतं,
माझ्याहून बुटकं, आणि दोनशे वर्षांचं.
डबक्यातलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं.
मारेटने लोखंडी सळई शेवाळात सोडली,
तिला दुसरी जोडली, दुसरीला तिसरी,
सात मीटरवर कुठे दगड लागला.
"हे वर्षाला एक मिलिमीटर वाढतं," ती म्हणाली.
मी वहीत सात हजार लिहिलं
आणि त्यावरून उगाच पुन्हा पेन्सिल फिरवली.

मला वाटलं, रफू जमेल.
एल्फ्रीडे मावशी लोकरी हातमोजे रफू करायची,
त्याच मेंढीचा धागा हुडकून.
मी भिंती आरशाच्या काढल्या.
ढगात ढग, शेवाळात शेवाळ.
समितीचे पाच जण चष्मे पुसून
चित्रात इमारत शोधत बसले
आणि न सापडल्याबद्दल त्यांनी माझं अभिनंदन केलं.

दारापुरता एक नमुना जागेवर उभा केला,
आठवडाभर, वाऱ्याला आणि दंवाला दाखवायला.
राखणीला एंडेल.
तरुणपणी तो इथेच पीट कापायचा;
कापणी कधीच बंद झाली, पाठ तशीच राहिली.
चौथ्या सकाळी तो टोपी उलटी धरून आला.
मला वाटलं, क्रॅनबेरी आणल्या असतील.

टोपीत कस्तूर होता.
मान एका बाजूला, ऊब अजून गेली नव्हती.
एंडेल काही बोलला नाही,
फक्त टोपी माझ्या हातात दिली,
रिकामी मी करावी म्हणून.

काचेवर ठसा उमटला होता :
दोन्ही पंख पसरलेले, पिसांच्या भुकटीचे,
एकेक पीस मोजता येईल असे.
इतकं बारीक रेखाटन
माझ्या हातून आजवर झालेलं नाही.
त्याच्यामागे तेच आभाळ,
मीच दाखवलेलं.

त्या रात्री हातमोजा काढून बघितला.
मावशीचं रफू डोळ्याला आजही सापडत नाही.
पण आत हात घातला की
अंगठ्याजवळ जरा जाड लागतं.
बोटाला ती कधी फसवत नव्हती.

मग ठिगळच लावलं.
पाइनच्या फळ्या, बिनरंगी,
दोन हिवाळ्यांत आपोआप करड्या होतील.
छप्पर ठेंगणं. खिडक्या अरुंद, भिंतीत खोल ओढलेल्या,
उन्हात बघणाऱ्या एंडेलच्या डोळ्यांसारख्या.
खाली मळसूत्री खांब, उलटे फिरवले की निघणारे.
नकाशाच्या कोपऱ्यात उभारणीचा क्रम लिहितात,
त्याच्याच खाली मी
उतरवण्याचा क्रमही लिहिला, बावीस पायऱ्यांचा.
"हे कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.
मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मारेट म्हणाली,
"पाहुण्याने येतानाच सांगावं, कधी निघणार."
ते हसले. तिला हसू आलं नव्हतं.

एक मत कमी पडता पडता मंजूर झालं.

आता सहली येतात, शाळांच्या, निवृत्तांच्या.
पायरीच्या उत्तर अंगाला हिरवं धरू लागलंय,
मी घासायला सांगितलेलं नाही.
गेल्या शरदात अभिप्रायाची वही चाळली.
कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं :
छान आहे, पण फार दुरून दिसते.

त्याच्या खालीच, जाड पेन्सिलीने,
विटा मोजणाऱ्या जुन्या हाताने
एंडेलने नोंद केली होती :
आज क्रौंच उतरले. एकशे बारा.