दुसरा संकेत

मे महिना. धरमपेठेतला तिसरा मजला.
कूलरात दोन बादल्या ओतून मी बसले
आणि हेडाऊकाकांच्या बोटाचं काम
पडद्यावरच्या एका चौकोनात लिहायला घेतलं.

काम तसं एवढंसंच.
हवेवर चार जाहिराती लागतात:
साड्या, सळाखी, मूळव्याधीचा दवाखाना, पुन्हा साड्या.
नेटवर ऐकणाऱ्यांना तेवढ्या वेळात वेगळ्या,
आणि त्या विकल्या गेल्या नसतील
तर नुसती एक सपक बासरी.
मग यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं
की झालं, संपलं, ये आता परत.

अकरा वर्षं ते काकांनी सांगितलं.
उजवी तर्जनी, एफ-आठ.
शेवटच्या जाहिरातीतला शेवटचा फोन नंबर
"…सात, तीन, तीन" असा खाली उतरायच्या आत
दाबलेली.
"संपल्यावर दाबशीन तं उशीर झाला बाई.
संपून राह्यलं, हे समजा लागते."

मी लिहिलं:
जाहिरातीनंतर गाणं किंवा बोलणं आलं, तर संकेत पाठव.
जपून ठेवलं. चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी साडेसातच्या बातम्यांआधी
आमची ती टण्ण घंटा झाली.
तिला कधी कुणी प्रकारच दिला नव्हता,
आणि बातम्या तर थेट माइकवरून,
यादीत त्यांचं नावच नाही.
यंत्र वाट पाहत बसलं.
चूक त्याची नव्हती.

मस्कतहून फोन आला.
कामठीची कुणी नर्स, रात्रपाळी संपत आलेली.
"अकरा मिनिटं झाली, बासरीच वाजून राह्यली.
तिकडे सगळे बरे आहेत ना?"

काका काही बोलले नाहीत.
तर्री-पोह्यांचा पुडा उघडून
माझ्याकडे सरकवला, चमचा एकच होता.

मग मी घंटेला प्रकार दिला.
माइकचा फेडर वर गेला, की तोही संकेत धरला.
किती आधी पाठवायचा, हे कुठल्या पुस्तकात सापडेना,
म्हणून काकांच्या जुन्या नोंदी काढल्या,
दिवाळीच्या, मतमोजणीच्या, त्यांच्या तापातल्यासुद्धा.
सरासरी चारशे मिलिसेकंद.
तोच आकडा भरला.
बोट असं रकान्यात उतरलं, तीन अंकांत.

सोमवारपासून सगळं आपोआप.
तरी काका येतात, चष्मा पुसतात,
शेवटचा नंबर सुरू झाला की
बोलता बोलता थांबतात
आणि एफ-आठ दाबतात.

सांगणार होते मी.
तेवढ्यात खाली, अगदी तळाशी, एक चौकट दिसली:
लागोपाठ दुसरा संकेत आला, तर दुर्लक्ष करा.
खूण केली.

आता नोंदवहीत प्रत्येक ब्रेकच्या दोन ओळी पडतात.
०७:४२:१६ संकेत, आपोआप.
०७:४२:१६ संकेत, हाताने. दुर्लक्षित.
पानंच्या पानं, जोडीजोडीनं.

गेल्या गुरुवारी, साड्यांच्या जाहिरातीनंतर,
ओळी उलट्या पडल्या होत्या.
हाताने, वर.
त्याखाली आपोआप, दुर्लक्षित.

मी दोनदा वाचलं.
काका खिडकीशी उभे, खालच्या रिक्षावाल्याशी
उन्हावरून काहीतरी बोलत होते.
त्यांना सांगितलं नाही.
कूलर कोरडाच फिरत होता,
बादली घेऊन उठले.