ऐंशी ग्रॅम

मकरपुऱ्यात, जीआयडीसीच्या शेवटच्या गाळ्यात,
भाजीवाल्याकडून आणलेल्या जुन्या काट्यावर
शिर्क्यांचा निनाद सायकल तोलतो, सुटी सुटी.
सीट नाहीच. बसायचंय कुणाला?
रिमला भोकं, चेनगार्डच्या चकतीला भोकं,
पेडलचा पिंजरा कानशीनं उतरवलेला.
बोल्टसुद्धा कापले,
दोन आटे उगाच बाहेर डोकावत होते म्हणून.

जयंतीभाई वेल्डर हसतो,
"हवे तारां हाडकां काढ, भाई!"

गेल्या पौषात पावागढच्या कातळावर
मागच्या चाकावर तोल धरून उभा असताना
हँडलच्या गळ्याखाली बारीक आवाज झाला होता,
सुपारी फुटावी तसा.
दातांचं बिल आईनं भरलं.

तेव्हापासून तो नळीवर टिचकी मारतो, कान लावतो,
माठ घेताना बायका वाजवून बघतात तसा.
हलकं कुठं संपतं
आणि पोकळ कुठं सुरू होतं?

आज त्याच गळ्याशी
त्यानं त्रिकोणी पट्ट्या मागितल्या. दोन्ही बाजूंनी.
जयंतीभाईनं काच खाली ओढली. निळा उजेड.
टाका पिवळसर होत निवला.

काटा म्हणाला, ऐंशी ग्रॅम.
महिनाभर कानशीनं झिजवले, जवळपास तेवढेच.
निनादनं वहीत लिहिले. खोडले नाहीत.

बाहेर सिमेंटचा फुटका ठोकळा, कमरेएवढा.
दोन्ही ब्रेक आवळून तो उसळला, वर गेला,
खाली आला.
काही वाजलं नाही.

चहा सांगायला निघालेला जयंतीभाई
दारातच थांबला.
"फरी," म्हणाला, "एक वार."