लबनचं रक्त

मारिव्हिकचा व्हिसा संपला त्या रात्री
एक बशी, अर्धी पिशवी खाऊ आणि ही मांजर
ती आमच्या दारात ठेवून गेली.
नाव लबन. बाकालात मिळणाऱ्या
ताकाच्या बाटलीसारखी पांढरी.

ऑगस्टात ती भिंत चाटायला लागली.
चुना, सिमेंट, गॅलरीतल्या कुंडीची माती.
मला वाटलं, उन्हाळा.
सोहारमध्ये सगळ्याचं कारण उन्हाळाच असतो.
मग एकदा तिने जांभई दिली
आणि हिरड्या दिसल्या,
भिजवलेल्या साबुदाण्याच्या रंगाच्या.
कानात आतून
कुणी हळदीचा हात पुसल्यासारखं.

आणि मी रक्त बघणारा माणूस.
सकाळी सात ते तीन, व्हिसाच्या तपासणीला
बाह्या वर करून रांग उभी असते.
मी शीर बघतो, चेहरा नाही.
नळीवर नाव नसतं, आकडा असतो.
फिट. फिट. फिट.
कधीतरी अनफिट,
आणि तो आकडा महिन्याभरात विमानात.
घरातल्या घरात पांढरं पडत चाललेलं
मला दिसलं नाही.

डॉक्टर इल्हाम खार्तुमची. हिंदी बोलते, तीही सिनेमातली.
नळी माझ्या हातात देऊन म्हणाली,
तुमच्याकडचा मायक्रोस्कोप बरा आहे, आत्ता जा.
ताजं बघ.
उशीर केलास तर ते पेशी सोडून देतात,
काच स्वच्छ दिसते
आणि मांजर मरते.

गाडीच्या एसीत नळी गारठली.
आतलं रक्त फाटलं,
काचेवर दाणे दाणे, नासलेल्या दुधासारखे.
मी एसी बंद केला, नळी मुठीत धरली.
बाहेर पंचेचाळीस.
फलज चौकातून प्रयोगशाळेपर्यंत
घाम डोळ्यांत उतरत राहिला
आणि मुठीत दाणे सुटत गेले,
रक्त पुन्हा एकजीव.
पुस्तकात वाचलं होतं हे.
हातात पहिल्यांदा झालं.

गिम्साचा रंग चढल्यावर दिसले ते.
तांबड्या पेशींच्या काठावर निळे ठिपके,
होडीच्या काठावर पाय सोडून बसलेली पोरं जशी.
आत शिरत नाहीत.
नुसते बसतात,
आणि शरीर घाबरून स्वतःचीच होडी बुडवतं.

त्यांना भिंत नसते, इल्हाम फोनवर म्हणाली,
म्हणून भिंत पाडणारी औषधं फुकट जातात.
दुसरं देऊ.
मी माझ्या खाटेवर बसून ऐकत होतो.
खोलीत सहा खाटा, मध्ये पडदे.
पलीकडून उस्मानने विचारलं,
कुणाला भिंत नसते?

पण औषध लागू पडेपर्यंत रक्त हवं होतं.
कुंजिमोनच्या बाकालातला बोका, हमूर,
सहा किलो, एक कान फाटका,
तांदळाच्या पोत्यांवर झोपणारा.
कुंजिमोन म्हणाला, घ्या,
पण दुपारच्या आत आणून सोडा, उंदीर आहेत.
आधी त्याचंही रक्त काचेवर घेतलं.
गट जुळला. काठावर कुणी नाही.
रिकाम्या प्रयोगशाळेत मी मोठ्याने म्हणालो, फिट,
आणि माझाच आवाज मला नवा वाटला.
पन्नास मिली. मोबदला, टूनाचे दोन डबे.

मग अठ्ठावीस दिवस गोळी.
गोळीमागून पिचकारीने पाणी,
नाहीतर घशात अडकून जाळते.
पिसवांसाठी मानेवर थेंब. गाद्या उन्हात.
उस्मानने तिचे पाय धरायचे, मी जबडा.
त्याच्या मनगटावर अजून तीन रेघा आहेत.

आता हिरड्या गुलाबी आहेत.
पण ते पुरते जात नाहीत, इल्हाम म्हणाली,
कुठेतरी दबून राहतात,
नावाशिवाय, कागदाशिवाय.
दर महिन्याला बघत जा.

काल रात्री लबन पुन्हा
भिंतीला तोंड लावून बसलेली.
माझ्या पोटात गोळा आला.
चप्पल न घालता गेलो, वाकून बघितलं.

पाल होती.